मस्टँगच्या सावलीतल्या मसल कार

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर उभं राहायचं तर कानात बोळे घालूनच. १९९५ पासून दरवर्षी इथे जुन्या गाड्यांची जत्रा भरते. फर्नडेलपासून पाँटिॲक गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि मधून गाड्या गुरगुरत, मुंगीच्या पावलांनी जात राहतात. मस्टँग, कमॅरो, चॅलेंजर, पुन्हा मस्टँग. एका वर्षी माझ्या शेजारी एक मराठी कुटुंब बसलं होतं. त्यातला दहा-अकरा वर्षांचा मुलगा प्रत्येक गाडीचं नाव धडाधड सांगत होता. मग एक आखूड, रुंद, दोनच सीटची निळी गाडी आली आणि तो अडखळला.

"बाबा, ही कुठली मस्टँग?"

बाबांनाही सांगता येईना. ती मस्टँग नव्हतीच. ती होती १९६९ ची एएमसी एएमएक्स.

जुन्या अमेरिकन गाड्यांबद्दल बातमी येते ती बहुतेक लिलावाच्या आकड्याची. २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात १९७१ ची उघड्या टपाची एक प्लायमाउथ हेमी कुडा ३५ लाख डॉलरना गेली. तशा बनल्याच होत्या ११. असे आकडे वाचले की सामान्य माणूस म्हणतो, हा अब्जाधीशांचा खेळ, आपण फोटो बघावेत. पण त्याच काळातल्या, तेवढ्याच दमाच्या, कधीकधी त्याच कारखान्यातल्या काही गाड्या बऱ्याच कमी पैशांत मिळतात. त्या स्वस्त का, आणि स्वस्त दिसतात तेवढ्या खरंच स्वस्त पडतात का, हे जरा उलगडून बघू.

मसल कार म्हणजे नेमकं काय

मधल्या आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं की झाली मसल कार.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्समध्ये घरचा नियम होता, की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जनरल मोटर्सच्याच पाँटिॲक नावाच्या विभागातले इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून पळवाट काढली. नियम मॉडेलला आहे, वेगळे पैसे देऊन घ्यायच्या पॅकेजला कुठे आहे? १९६४ च्या टेंपेस्ट ल मान्स गाडीवर त्यांनी सुमारे २९६ डॉलरचं 'जीटीओ' नावाचं पॅकेज काढलं आणि त्यात ३८९ घन इंचांचं इंजिन दिलं. पाच हजार गाड्या जातील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. मग नियमाबद्दल कोणी बोललं नाही.

घन इंच म्हणजे इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांचं मिळून आकारमान. ३८९ घन इंच म्हणजे जवळपास ६.४ लिटर. आपल्या मारुती ८०० ची आठ इंजिनं एकत्र केली तर एवढं भरतं.

फोर्डची मस्टँग आली १७ एप्रिल १९६४ ला. काटेकोर बोलायचं तर ती मसल कार नव्हे, 'पोनी कार': लहान, देखणी, तरुणांच्या खिशाला परवडणारी. मोठं इंजिन हवं असेल तर घ्या, नको असेल तर साधं सहा सिलिंडरचं घ्या. आता लोक दोन्ही प्रकारांना सरसकट मसल कारच म्हणतात. मीही तेच करणार आहे.

काहींचंच नाव का झालं

मस्टँग चांगली होती म्हणून प्रसिद्ध झाली, हे अर्धंच खरं. ती सगळीकडे होती. एकट्या १९६६ च्या मॉडेल वर्षात सहा लाखांहून जास्त बनल्या. ज्याच्या घरी नव्हती त्याच्या शेजाऱ्याकडे होती, नाहीतर मामाकडे. पुढे सिनेमात पाठलाग करायला तीच आली आणि पोरांच्या भिंतीवरच्या पोस्टरवरही तीच. ती पोरं मोठी झाली, हातात पैसा आला, तेव्हा त्यांनी पोस्टरवरची गाडी शोधली.

आणखी एक कारण आहे, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. मस्टँग आजही बनते. फोर्ड नवी मस्टँग विकायला जाहिरात करते, तेव्हा तिच्या खापरपणजीची जाहिरात फुकटात होते. आता उरलेल्यांची यादी बघा. त्या निळ्या गाडीची एएमसी ही कंपनी १९८७ मध्ये क्रायस्लरने गिळली. प्लायमाउथ २००१ मध्ये, ओल्ड्समोबिल २००४ मध्ये, तर मर्क्युरी त्यानंतर काही वर्षांत बंद पडली. अशा कंपनी हरवलेल्या गाड्यांना अमेरिकेत 'अनाथ गाड्या' असंच म्हणतात. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात नदीकाठच्या बागेत त्यांचं वेगळं प्रदर्शनही भरत आलंय. त्यांची आठवण ठेवायला कंपनी उरलेली नाही, आणि भाव कमी असण्याचं मोठं कारण हेच. त्याचा गाडीच्या दमाशी संबंध नाही.

एकच पीठ, चार घरच्या भाकऱ्या

१९६८ ते १९७२ मधली शेवरोले शेव्हेल, पाँटिॲक जीटीओ, ओल्ड्समोबिल ४४२ आणि ब्युइक जीएस या चार गाड्या घ्या. चौघींचा खालचा सांगाडा एकाच आराखड्याचा, कारण चौघी जनरल मोटर्सच्याच. दोन दारांच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतरही सारखंच, ११२ इंच. पण तेव्हा प्रत्येक विभाग आपापलं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन स्वतः घडवायचा. पीठ एकाच गिरणीतलं, पण थापणारे हात वेगळे.

शेव्हेल आणि जीटीओ गाजल्या. ब्युइककडे लोक वेगळ्या नजरेने बघायचे. ती डॉक्टरची, बँक मॅनेजरची, केस पिकलेल्या गृहस्थांची गाडी. त्यामुळे १९७० ची ब्युइक जीएस ४५५ स्टेज १ सिग्नलला शेजारी उभी राहिली तरी कोणाला धास्ती वाटत नसे. हिरवा दिवा लागला की वाटायची.

कागदावर तिची ताकद ३६० हॉर्सपॉवर, तर त्याच वर्षीच्या सर्वात तगड्या शेव्हेलची ४५०. पण टॉर्क बघा: ब्युइकचा ५१० पौंड-फूट, शेव्हेलचा ५००. हॉर्सपॉवर म्हणजे बैल दिवसभर किती झपाट्याने नांगर ओढत राहील ते, आणि टॉर्क म्हणजे चिखलात रुतलेलं चाक पहिल्या हिसक्याला बाहेर काढायची रग. सिग्नलवरून सुटताना कामी येते ती दुसरी. 'मोटर ट्रेंड' मासिकाने १९७० मध्ये स्टेज १ पाव मैल पळवून बघितली, तेव्हा वेळ लागला १३.३८ सेकंद. बँक मॅनेजरच्या गाडीला!

तिचं नटवलेलं रूप म्हणजे जीएसएक्स. १९७० मध्ये ते फक्त ६७८ गाड्यांना मिळालं, पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगात. ते आता स्वस्त राहिलेलं नाही. साधी जीएस मात्र अजून हाती लागण्यासारखी आहे.

मस्टँगची मावसबहीण

फोर्डच्याच मर्क्युरी विभागाने १९६७ मध्ये कूगर काढली. खालून ती मस्टँगच, फक्त चाकांतलं अंतर तीन इंच जास्त, आवाज कमी, आतली सजावट उंची. 'मोटर ट्रेंड'ने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी ठरवलं होतं. तरीही कूगर सहसा तशाच मस्टँगपेक्षा कमी भावात जाते, आणि याचं कारण मला आजवर नीट कळलेलं नाही. दिसायला ती मला मस्टँगपेक्षा उजवी वाटते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तिचे मागचे दिवे एकदा जवळून बघावेत.

वळायचं म्हणून काडी खाली केली की तिचे मागचे तीन दिवे आतून बाहेर एकामागोमाग पेटतात: एक, दोन, तीन, आणि पुन्हा एक. सुरुवातीच्या कूगरमध्ये यासाठी कसलीही चिप नव्हती. डिकीत एक छोटी मोटर असते. ती दांडी फिरवते, दांडीवरचे उंचवटे एकेक बटण दाबत जातात आणि दिवे लागत जातात. किल्ली देऊन वाजणाऱ्या जुन्या संगीतपेटीचा चुलतभाऊच म्हणा. डिकी उघडून कान दिला तर तिची बारीक घरघर ऐकू येते. पुढचे दिवे जाळीमागे लपलेले असतात आणि त्यांच्या पापण्या उघडतात इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेण्याच्या जोरावर. पन्नास-साठ वर्षांनी रबरी नळ्या चिरतात, मग एक डोळा उघडा आणि दुसरा अर्धवट मिटलेला. रस्त्यावर गाडी डोळा मारत जाते.

विम्याच्या डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या गाड्या

१९६० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या एक गोष्ट लक्षात आली: वीस वर्षांचं पोरगं आणि चारशे हॉर्सपॉवर एकत्र आले की झाड मध्ये येतं. त्यांनी जास्त ताकदीच्या गाड्यांचे हप्ते भरमसाट वाढवले. गाडीचा मासिक हप्ता एक आणि विम्याचा दुसरा तेवढाच, अशी तरुणांची गत झाली.

मग कंपन्यांनी साध्या अंगाच्या, मध्यम इंजिनाच्या गाड्या आणल्या. ओल्ड्समोबिलची १९७० ची रॅली ३५० त्यातलीच. अख्खी पिवळी, बंपरसकट. माझी आवडती मात्र प्लायमाउथ डस्टर ३४०. व्हॅलिअंट ही तेव्हाची अमेरिकेतली मध्यमवर्गीय, काटकसरी गाडी. तिच्याच पायावर उभी केलेली हलकी डस्टर आणि आत ३४० घन इंचांचं इंजिन, कागदावर २७५ हॉर्सपॉवर. किंमत तेव्हा अडीच हजार डॉलरच्या आसपास. वजन कमी असल्याने ती मोठमोठ्या नावांच्या मागे चिकटून राहायची. डॉज डार्ट स्विंगर ३४० ही तिची सख्खी बहीण.

प्लायमाउथ, डॉज ही नावं जुन्या मुंबईकरांना परकी नाहीत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने त्यांची जोडणी केली होती. अर्थात त्या मुंबईच्या डॉज-प्लायमाउथ शांत, जाडजूड, घरंदाज होत्या. डस्टर म्हणजे त्याच घराण्यातलं वाया गेलेलं पोर.

आणि ती निळी गाडी

एएमसी म्हणजे अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशन. नॅश-केल्विनेटर आणि हडसन या कंपन्या १९५४ मध्ये एकत्र येऊन ती बनली. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन हत्तींच्या पायांत वावरणारी. विस्कॉन्सिनमधल्या केनोशात कारखाना, खपायच्या त्या काटकसरी रॅम्बलर गाड्या. १९७० मध्ये जीपही तिच्या ताब्यात आली. महिंद्रा भारतात जिच्या परवान्यावर गाड्या बनवत होती तीच जीप.

अशा कंपनीने १९६८ मध्ये जॅव्हलिन काढली, आणि लगोलग तिची लांबी १२ इंचांनी कापून, मागची सीट काढून टाकून एएमएक्स. मोठं इंजिन ३९० घन इंच, ३१५ हॉर्सपॉवर. तेव्हा अमेरिकेत बनणारी दोन सीटची दुसरी गाडी म्हणजे शेवरोलेची कॉर्व्हेट, आणि ती बरीच महाग. तीन वर्षांत एएमएक्स बनल्या १९ हजारांच्या आसपास. मस्टँगच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. पुढे १९७१ आणि १९७२ मध्ये जॅव्हलिनने ट्रान्स-ॲम शर्यतींची मालिका जिंकली. रॅम्बलर बनवणाऱ्यांनी मस्टँग आणि कमॅरोला मागे टाकलं, तरी पोस्टर काही लागलं नाही.

"पार्ट मिळाले नाहीत तर?"

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

जुन्या मस्टँगचा आज अख्खा पत्र्याचा सांगाडा नवा कोरा विकत मिळतो. जुना गंजला तर फेकून द्या आणि त्यावर नवी गाडी उभी करा. अनाथ गाड्यांचं हे सुख नाही. पण 'पार्ट मिळत नाहीत' हे वाक्यही फार ढोबळ आहे. पार्ट दोन प्रकारचे असतात.

पहिले, गाडी चालवणारे: इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स, स्टिअरिंग. यांची अडचण लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. कूगरला यातलं बरंचसं मस्टँगचं चालतं. एएमसी तर गरीब असल्याने अर्ध्या वस्तू बाहेरूनच घ्यायची: स्टिअरिंग जनरल मोटर्सकडचं, गिअरबॉक्स बोर्ग-वॉर्नरचा. त्यामुळे ते आजही सापडतात. तिच्या १९६९ पर्यंतच्या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन जुन्या धाटणीचं आहे. १९७० मध्ये ते बदललं, म्हणून बरेच जाणकार १९७० चीच घ्या म्हणतात. ब्युइक आणि ओल्ड्समोबिलच्या इंजिनाचं काम शेवरोलेपेक्षा महाग पडतं, कारण शेवरोलेचे सुटे भाग करणारे पैशाला पासरी आणि यांचे मोजके.

दुसरे, गाडी 'ती' गाडी दिसण्यासाठी लागणारे: पुढची जाळी, मागच्या दिव्याची काच, दाराची पट्टी, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक. खरा घाम इथे फुटतो. एएमएक्सची दारं आणि पुढची काच जॅव्हलिनची चालते, पण तिची जाळी तिचीच. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ एका दिव्याच्या काचेसाठी दोन वर्षं भंगाराच्या आवारांतून फिरले. शेवटी एका विक्रेत्याने फोटो दाखवला उजव्या बाजूचा आणि पार्सलात पाठवली डावी.

म्हणून अशी गाडी बघायला गेलात तर इंजिनाचा आवाज शेवटी ऐका. आधी खाली वाकून फरशी बघा, डिकीचा गालिचा उचला, मागच्या चाकांवरचा पत्रा बोटाने वाजवा आणि बाहेरची सगळी सजावट शाबूत आहे का ते मोजा. बंद पडलेलं इंजिन कुठल्याही चांगल्या गॅरेजात सुरू होतं. नसलेली जाळी कोणीही आणून देऊ शकत नाही.

"दुर्मिळ आहे म्हणजे भाव चढणारच ना?"

नाही. विकणारा हे वाक्य हमखास ऐकवतो, तेव्हा आपण चहाचा घोट घ्यावा. भाव ठरतो तो किती गाड्या उरल्यात आणि किती जणांना हव्यात या दोन्हींवर. एएमसीने १९६९ मध्ये लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांतली एससी रॅम्बलर काढली होती, फक्त १,५१२. लाखोंनी बनलेल्या मस्टँगच्या काही रूपांना तिच्यापेक्षा जास्त पैसे मिळतात, कारण गिऱ्हाईक जास्त. परत विकायची वेळ आली की अनाथ गाडीला गिऱ्हाईक यायला वेळ लागतो, हेही धरून चाला. गुंतवणूक म्हणून बघत असाल तर सोनं घ्या, निदान त्याला गंज चढत नाही.

"खरी की बनावट, कळणार कसं?"

गंमत म्हणजे इथे कमी प्रसिद्ध गाड्या सरस ठरतात. १९६९ ते १९७२ च्या शेव्हेलवरचा कारखान्याने दिलेला क्रमांक वाचून ती साधी की महागडी 'एसएस', हे कळत नाही. त्यामुळे साध्या गाडीला पट्टे आणि बिल्ले लावून एसएस म्हणून खपवणारे चिकार. उलट १९६८ ते १९७१ ची खरी ओल्ड्समोबिल ४४२ असेल तर तिचा क्रमांक ३४४ ने सुरू होतो. १९७० च्या डस्टरच्या क्रमांकात पाचवं अक्षर एच असेल तर ती कारखान्यातून ३४० घेऊनच निघाली. आणि मुळात ज्या गाडीला फार भाव नाही, तिची नक्कल करायला कोण बसेल? जीएसएक्ससारख्या चढलेल्या नावांपुरती काळजी घ्या.

"१९७२ च्या गाड्यांत दम उरला नव्हता म्हणतात"

कागदावर तसंच दिसतं. डस्टरचं ३४० घन इंचांचं इंजिन १९७१ मध्ये २७५ हॉर्सपॉवरचं होतं, १९७२ मध्ये २४० चं. पण यातला बराच फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. आधी इंजिन सुटं काढून, एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर असलं ओझं न लावता मोजायचे. १९७२ पासून सगळं जोडून मोजू लागले. नोकरीच्या पत्रातला सीटीसी आणि महिनाअखेर हातात पडणारा पगार यांत जो फरक, तोच हा. प्रदूषणाच्या नियमांमुळे इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण, खरोखरच उतरवला गेला होता. पण कागदावर दिसते तेवढी घसरण झाली नव्हती. या गैरसमजामुळे १९७२ च्या गाड्या अजूनही थोड्या स्वस्त मिळतात. घासाघीस करताना विकणाऱ्याला हे समजावून सांगायला जाऊ नका.

रोज चालवता येईल का?

हौसेने रविवारी चालवा. लिटरला चार-पाच किलोमीटर, बहुतेकींना मागे ड्रम ब्रेक आणि पावसात मागची चाकं आपल्या मर्जीने जाणारी. हे मस्टँगलाही लागू आहे.

भारतात आणायची झाली तर

पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणून सहज आणता येत असे. २०२५ मध्ये ही अट सैल झाली आणि ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना परवान्याशिवाय वाट मिळाली. म्हणजे या लेखातली प्रत्येक गाडी वयाने बसते. पण आयात शुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होतात, आणि स्वस्तात घेतल्याचा आनंद बंदरावरच संपतो. नोंदणी २०२१ च्या व्हिंटेज नियमांखाली होते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पाटीवर 'व्हीए' अक्षरं आणि गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची मुभा. रोज ऑफिसला नेता येणार नाही. नेली तरी पुण्यात ती लावणार कुठे?

वुडवर्डवरच्या त्या निळ्या एएमएक्सचा मालक पुढच्या सिग्नलला थांबला होता. मुलगा पळत त्याच्यापर्यंत गेला आणि काहीतरी विचारून परत आला.

"बाबा, ते म्हणाले, सकाळपासून तू सातवा. सगळ्यांनी मस्टँगच का म्हणून विचारलं."

"मग चिडले का?"

"नाही. त्यांनी वहीत सातवी रेघ मारली."